खिडकीचा कॅमेरा, पडद्याचा कॅमेरा

तुळशीचं लग्न झालं की आमच्या बिल्डिंगमागच्या मैदानात मांडववाले बांबू उतरवतात. बांबूवर बांबू पडला की एक पोकळ आवाज होतो. टिटवाळ्यात आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत, तरी तो आवाज भिंतींवर आपटत माझ्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. आला की माझा हात गळ्याशी जातो, कॅमेऱ्याचा पट्टा चाचपायला. पट्टा नसतो. चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढले, हाताला अजून कोणी कळवलेलं नाही की काम संपलं.

गेल्या वर्षीही आवाज आलेला. तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली. चांगुणा, माझी बायको, श्रावणात गेलेली. लग्नसराई आहे, मी घरात आहे आणि ती बाहेर ओट्यावर पिशवी भरत नाही, हे मला बघायचं नव्हतं. ह्या वर्षी खिडकी लावता आली नाही, कारण लग्न आमच्याच घरचं होतं. माझ्या मुलीची, मनीषाची, पोरगी तन्वी. डोंबिवलीत राहतात. दिवाळीतच आईबरोबर येऊन मला सांगून गेलेली, "आजोबा, मांडवाच्या दिवशीचे फोटो तुम्हीच काढायचे. बाकीच्या दिवसांना तो ड्रोनवाला आहे."

मी म्हटलं, माझ्या कॅमेऱ्याला रोल मिळत नाही, मिळाला तर धुणारा नाही, आणि मलाही हौस राहिलेली नाही.

"नवीन घेऊ," मनीषा म्हणाली. "कुठला ते तुम्ही ठरवा. पण एक सांगते बाबा, ह्या खेपेस तुम्ही फोटोत दिसला पाहिजेत. माझ्या लग्नाच्या अल्बमात सगळं गाव आहे. जेवणाच्या पंगतीतला कुत्रासुद्धा आहे. माझे आईबाप नाहीत."

ते खरं आहे. तिच्या लग्नात फोटो मीच काढत होतो आणि चांगुणा फ्लॅश धरून उभी होती. दोघं कामावर. आम्हाला त्या दिवशी ते सुचलंसुद्धा नाही. बावीस-तेवीस वर्षं पोरीने ते मनात ठेवलं, आणि आता बोलली ते असं, भाजी निवडता निवडता. फोटो मीच काढायचे आणि फोटोत मीच दिसायचं, हे कसं काय जमणार ते मला कळेना.

*

मला सगळ्यात जास्त आठवते ती एकच लग्नसराई. मनीषा जन्माला यायच्या आधीची.

त्या वेळी मी कल्याणच्या एका स्टुडिओत लागलेलो. आमचं मूळ घर ठाण्याच्या खाडीकाठी, बाप मासेमारी करायचा. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, मग बापाबरोबर होडीत. खाडीत मासा कमी झाला तसा मी जमिनीवर आलो. स्टुडिओच्या मालकाने मला एक जुना जपानी कॅमेरा दिला, रेंजफाइंडर म्हणतात तो. आम्ही त्याला खिडकीचा कॅमेरा म्हणायचो. त्याच्यात भिंगातून बघायचं नसतं. भिंग मधे, आणि बघायची खिडकी वर कोपऱ्यात, वेगळी. खिडकीत मधोमध एक पिवळट ठिपका असतो. त्यात माणूस दोनदा दिसतो, एक खरा आणि एक त्याचं भूत. रिंग फिरवत न्यायची. भूत येऊन माणसात बसलं की फोटो साफ येणार.

खोट एवढीच, की भिंगावर झाकण राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं.

माझं पहिलं लग्न टिटवाळ्याच्या अलीकडच्या एका गावातलं. आंब्याच्या डहाळ्यांचे टाळ, ओल्या सारवणाचा वास, उंबराची फांदी वाजतगाजत आणलेली. आमच्याकडे लग्न लावते ती धवलारीण. म्हातारी बाई असते, धवले गाते, आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. तिचा आवाज लागला, अक्षता पडल्या, मी धडाधड छत्तीस फोटो काढले. घामाघूम झालो. स्वतःवर खूश होऊन झाडाखाली बसलो आणि कॅमेरा पिशवीत ठेवायला गेलो, तर झाकण शोधायची गरजच पडली नाही. ते भिंगावरच होतं.

तरी मी रोल धुतला. माणूस मूर्ख असतो, आशा ठेवतो. निगेटिव्ह काचेसारखी कोरी. छत्तीसच्या छत्तीस.

तिसऱ्या दिवशी त्या गावात गेलो आणि मुलीच्या बापासमोर उभा राहिलो. मला वाटलेलं मार पडेल. त्याने माझ्याकडे बघितलं, तंबाखू थुंकली आणि म्हणाला, "म्हंजे आमचं लगीन तू बघितलंस, कॅमेऱ्याने नाय बघितलं."

मग जे झालं ते फक्त आमच्यातच होऊ शकतं. त्याने जावयाला निरोप धाडला, पोरीला परत शालू नेसवला, सुकलेले टाळ तसेच होते, आणि लग्न परत लावायचं ठरलं, फोटोपुरतं. सगळे उभे राहिले. धवलारीण मात्र ओटीवर बसून राहिली. गाणार नाही म्हणाली. "धवला एकदाच बोलतात. दोनदा बोलला तं लगीन दोनदा लागंल, मंग पोरीला सासवा पन दोन."

नवरी फिस्सकन हसली. ती हसली म्हणून नवरा हसला. बिनगाण्याचं लग्न, सगळे मुके उभे, आणि तोंडं दाबून हसतायत. त्या काळी लग्नाच्या फोटोत कोणी हसत नसे, नवरी तर खाली बघायची. त्या एका अल्बमात सगळं घर हसतंय. पुढे लोक मालकाला येऊन सांगायचे, तो हसरे फोटो काढतो तोच पाठवा. खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही.

चांगुणाला सांगितलं. ती चुलीसमोर मासे तळत होती. हसली नाही की रागावली नाही. तुकडा उलटला आणि म्हणाली, "उद्यापासून मी येतंय."

"तू येऊन काय करणार?"

"झाकन ठेवंन."

आणि आली. नवऱ्याबरोबर बाई कामाला जाते, ती पण फोटोच्या, ह्यावर वस्तीत लोक काय काय बोलले. तिची सासू, म्हणजे माझी आई, म्हणाली, आता हिच्या पाठीमागे कोणी कॅमेरा घेऊन फिरा. चांगुणा आपली आली. सकाळी निघताना कॅमेऱ्याचं झाकण काढून कनवटीला खोचायची, ते संध्याकाळी घरी आल्यावरच परत लावायची. दिवसभर भिंग उघडं. धूळ बसते म्हणून मी ओरडायचो. "पुसता येतं," म्हणायची. नुसती उभी काय राहायची म्हणून तिने फ्लॅश हातात घेतला. वायर लांब होती. माझ्या डाव्या अंगाला दोन पावलं पुढे, हात वर करून. पाऊस पडायला लागेपर्यंत ती सराई आम्ही अशी काढली. मोहने, आंबिवली, दिवा, खाडीपलीकडची गावं. कुठे एसटी, कुठे होडी, कुठे चिखलातून पायी. पिशवीत कॅमेरा आणि डब्यात भाकरी, कारण लग्नघरी फोटोवाल्याला शेवटच्या पंगतीत बसवतात आणि तेव्हा रस्सा उरलेला असतो, मटण नाही.

पुढे स्टुडिओ माझा झाला, मोठे कॅमेरे आले. लग्नांना मात्र मी हा खिडकीचाच नेत राहिलो. पण ती पहिली सराई ती पहिलीच. तिच्या हातात तेव्हा हिरव्या बांगड्या होत्या, नव्या. हात वर केला की घसरून कोपरापर्यंत यायच्या.

*

ठाण्याला तलावाजवळच्या गल्लीत एक कॅमेऱ्याचं दुकान आहे. मनीषा मला तिथे घेऊन गेली. दुकानदार पन्नाशीचा, सभ्य माणूस. त्याने काउंटरवर काळं कापड पसरलं आणि दोन कॅमेरे ठेवले. एक मिररलेस, नवाकोरा. दुसरा रेंजफाइंडर, पण डिजिटल. रोल नाही, बाकी सगळं जुन्यासारखं, तीच खिडकी. कोणीतरी वापरून विकलेला. आपल्या इकडे असले दोन-चारच असतील, तो म्हणाला.

आधी मिररलेस घेतला. त्याला डोळा लावला तर आत छोटा टीव्ही. भिंगासमोर जे येईल तेच त्यावर दिसतं, फोटो जसा येणार तसाच. झाकण असेल तर अंधार. म्हणजे चूक करायला जागा नाही. मनीषाकडे धरला तर एक चौकोन उडत आला आणि तिच्या डोळ्यावर जाऊन बसला.

"डोळा पकडतो, काका," दुकानदार म्हणाला.

"कोणाचा?"

"माणसाचा, कुत्र्याचा, पक्ष्याचा."

"माशाचा?"

"ते बघावं लागेल," तो म्हणाला. त्याला वाटलं मी खरंच विचारतोय. मी खरंच विचारत होतो.

मग खिडकीचा घेतला. हातात घेतल्यावर बोटं आपापल्या जागी गेली. वजन तेच, रिंगेचं जड सरकणं तेच. डोळा लावला, पिवळट ठिपक्यात दोन मनीषा. रिंग फिरवली. त्या जवळ आल्या, एकमेकींना ओलांडून पलीकडे गेल्या. परत फिरवली, परत तेच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी ते भूत काही माझ्या डोळ्याला माणसात बसवता येईना.

दुकानदार हळूच म्हणाला, "ह्याला नजर लागते, काका."

मला राग आला. "नजर नसेल तर वाव लागतं," म्हटलं. बापाने मला जाळ्याची दोरी वाव वाव मोजायला शिकवलेलं. दोन हात ताणले की एक वाव, सहा फूट. नवरा-नवरी पायापासून मुंडावळ्यांपर्यंत मावायला दोन वाव लागतात, नुसता चेहरा पाऊण वावात. अंतर मला अंगाने कळतं. मनीषाला दीड वावावर उभी केली, रिंग नऊ फुटांवर आणली आणि न बघता फोटो काढला. दुकानदाराने मागच्या पडद्यावर मोठा करून बघितला. तिच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्या. त्याने चहा मागवला.

मनीषा म्हणाली, "मग हाच घ्या ना. तुमचा चेहरा बघा कसा झालाय."

मी परत डोळा लावला. आणि मला आठवलं की ह्या खिडकीत काय असतं. खिडकीत उजळ रेघांची एक चौकट असते. चौकटीतलं तेवढं फोटोत येतं. पण खिडकी चौकटीपेक्षा मोठी असते, त्यामुळे बाहेरचंही थोडं दिसत राहतं. मिररलेसच्या टीव्हीत बाहेरचं काही नाही, कड संपली की काळं. ह्याच्यात चौकटीबाहेर डाव्या अंगाला हातभर जागा असते. चाळीस वर्षं त्या जागेत चांगुणा उभी होती. अर्धा चेहरा, वर केलेला हात, कोपर. मी काढलेल्या एकाही लग्नाच्या फोटोत ती नाही, आणि प्रत्येक फोटो काढताना मी तिला बघितलंय. मोहन्यातल्या एका अल्बमात मात्र तिचं कोपर आलेलं. त्या घरातल्या म्हातारीने मला विचारलेलं, हे कोणाचं? मी म्हटलं, आमच्या घरातलं. तर म्हणाली, असू दे, लग्नातच आलंय ना.

दुकानात त्या जागेत कॅमेऱ्याचे तिवई-स्टँड उभे होते. काळे, पाय मिटलेले.

मी डोळा काढला नाही. मनीषाने विचारलं काय झालं, तर तसंच डोळा लावून सांगितलं. आई इथे दिसायची. मग खिडकीत काहीतरी हललं, आणि मनीषा त्या जागेत येऊन उभी राहिली. हात वर केला.

"दिसते?"

"गळ्यापर्यंत दिसतेस. तू उंच आहेस. आत्यावर गेलीस."

तिने गुडघे वाकवले. चाळिशी ओलांडलेली बाई, शाळेत शिकवते, भर दुकानात गुडघे वाकवून हात वर करून उभी. दुकानदार चहाचा कप घेऊन थांबलेला. मला हसू आलं आणि डोळ्यातलं पाणी खिडकीच्या काचेला लागलं.

"ऊठ," मी म्हटलं. "गुडघे दुखतील. ती जागा तशीच राहू दे."

"मग आता द्या इकडे, मी तुमचा काढते." तिने खिडकीचा कॅमेरा घेतला आणि माझे तीन फोटो काढले. दोन धुरकट, तिसऱ्यात माझं टाळकं कापलेलं. कॅमेऱ्याचा दोष नाही. हा कॅमेरा ज्याच्या हाताच्या सवयीचा झालाय त्याचाच असतो, दुसऱ्याला ओळख देत नाही. मग मिररलेस उचलला, काहीही न करता दाबलं, आणि मी आलो. साफ. कानातले केस दिसतील इतका साफ.

आधी मला ते लागलं. जन्मभर मी जे शिकलो, ते ह्याला लागतच नाही. बापाचं वाव लागत नाही, चांगुणाचा हात लागत नाही. कोणाच्याही हातात द्या, दाबा म्हणा, झालं. रागाने मी तो खाली ठेवला.

चहा पिता पिता मात्र ते उलटं दिसायला लागलं. कोणाच्याही हातात देता येतो. म्हणजे मला त्याच्या मागे उभं राहायचं बंधन नाही. खिडकीचा घेतला तर तन्वीच्या लग्नातही मीच मागे, आणि डाव्या अंगाला रिकामी जागा. मनीषाने मागितलेलं एक काही मला देता येणार असेल, तर ते ह्या दीडशहाण्या खोक्यामुळेच. खिडकीच्या कॅमेऱ्यावर माझा जीव आहे. त्याला मी दोन्ही हातांनी उचलून काळ्या कापडावर परत ठेवला, रिंग जिथे होती तिथे फिरवून.

"हा बांधा," मी मिररलेसकडे बोट दाखवलं.

मनीषाने "नक्की का?" असं विचारलं नाही. ती हुशार आहे. तेवढं आईवर गेली.

*

मांडवाच्या दिवशी सकाळपासून मी फोटो काढत होतो. डोंबिवलीत सोसायटीच्या आवारात मांडव, वर आंब्याचा टाळ, खाली पेव्हर ब्लॉक. उंबराची फांदी पिंपात उभी केलेली. बायका जात्यावर हळद दळायला बसल्या, जातं भाड्याने आणलेलं. चौकोन आपला उडतोय, ह्या डोळ्यावरून त्या डोळ्यावर. धवला म्हणायला दिव्याहून एक बाई आलेली, मोबाईलमधे बघून म्हणत होती. आवाज चांगला होता. कोणी तोंड दाबून हसलं नाही.

तन्वीला हळद लागली आणि मनीषा माझ्याकडे आली. हात हळदीने भरलेले. "बाबा, या आता."

मी इकडेतिकडे बघितलं. जवळ पारू होती. पारू म्हणजे चांगुणाची धाकटी बहीण, कल्याणच्या बाजारात मासळी विकते. तिच्याकडे अजून बटणांचा फोन आहे, फोटो तिने जन्मात काढलेला नाही. तिच्याच हातात कॅमेरा दिला.

"मना नाय जमनार, दाजी. कवरं दाबू?"

"मासा ताजा आहे का बघतेस, तेवढं."

मी जाऊन उभा राहिलो. डावीकडे तन्वी आणि तिचा बाप, मग मनीषा, मग मी. भिंगाच्या ह्या बाजूला हात कुठे ठेवतात ते मला माहीत नव्हतं. पारूने कॅमेरा डोळ्याला लावला, परत काढला.

"दाजी, मधी म्हैस उभी राहील एवरी जागा हाय. सरका."

मनीषाच्या आणि माझ्या मधे खरंच जागा होती. एका बाईला पुरेल एवढी. मी मुद्दाम ठेवली नव्हती. ठेवली गेलेली.

"असू दे. दाब तू."

"असू दे कसं? ती असती तं दंडाला धरून सरकवलं असतं तुमाला. पोरीला लोक इचारतील, बापाशी भांडन हाय कं. सरका म्हनते ना."

मनीषा समोर बघत होती, माझ्याकडे नाही. मी सरकलो. तिचा खांदा माझ्या दंडाला लागला आणि शर्टाला हळद.

पारूने बोलता बोलता बटण दाबून ठेवलेलं होतं, आणि ते सोडायचं असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सतरा फोटो आले. पहिल्या सातांत मधली जागा आहे. मग मी सरकताना दिसतो, एक पाय उचललेला, तोंड जरा उघडं. शेवटच्या दोनांत जागा नाही.

सतराही फोटोंत मी आहे. मनीषाने काल फोन करून विचारलं, मोठा करून भिंतीवर लावायला ह्यातला कुठला.

मी म्हटलं, सरकतानाचा.

"तो हललाय, बाबा."

हललाय तर हललाय, म्हटलं.